तीन नंबरच्या ओढ्याचा गाळ

वाक्यात चूक एकही नव्हती. तिने ते चारदा वाचलं, कारण चुका शोधणं हाच तिचा व्यवसाय होता, आणि या एका वाक्यात तरी एखादी सापडावी असं तिला मनापासून वाटत होतं. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, विरामचिन्हं जागच्या जागी. पान चौऱ्याऐंशी, तळटीप दुसरी: ‘केंद्र क्रमांक तीनच्या शेवटच्या सहा वर्षांच्या नोंदी, निरीक्षकाच्या विश्वासार्हतेबद्दल शंका असल्याने, वगळल्या आहेत.’

केंद्र क्रमांक तीनचे निरीक्षक म्हणजे तिचे वडील. त्यांना जाऊन तीन महिने झाले होते.

छापखान्याच्या खिडकीजवळ, यंत्रांच्या खडखडाटापासून जेमतेम एका दाराने वेगळं केलेलं एक अरुंद टेबल होतं, आणि तिथे ती एकोणीस वर्षं बसत होती. शहरात छापखाना एक आणि प्रुफं वाचणारी एक, तेव्हा पाणलोट कार्यालयाचा बारा वर्षांचा अहवाल तिच्यापुढे येणं यात नवल काहीच नव्हतं. लग्नपत्रिकाही तिच्यापुढेच यायच्या आणि कायद्याची पुस्तकंही.

“एवढं काय बघताय, ताई?” फोरमनने दारातून मान आत घातली. “अहवालात खून-बिन पडलाय का कुणाचा?”

“पडलाय,” ती म्हणाली.

फोरमन हसला. ती हसली नाही म्हटल्यावर त्यानेही आवरतं घेतलं. “शुक्रवारी यंत्रावर चढवायचाय. सरकारी माल आहे, कुणी वाचत नाही. डोळे मिटून सही ठोका.”

तो सोमवार होता. मुद्रितशोधकाचा एक नियम असतो: शब्दाला हात लावायचा, अर्थाला नाही. इतक्या वर्षांत तिने तो मोडला नव्हता. तिने ते पान वेगळं काढलं, उरलेल्या गठ्ठ्यावर वजन ठेवलं आणि छत्री घेऊन बाहेर पडली.

तिच्या वडिलांना अख्खं शहर ‘गाळवाले’ म्हणायचं. डोंगरावरून तीन ओढे खाली येत. प्रत्येकाच्या तोंडाशी एक बुटकी भिंत होती, भिंतीच्या मधोमध एक खाच, आणि खाचेशेजारी आकडे रंगवलेली पट्टी. पाऊस आला की बाकीची माणसं आत पळायची, गाळवाले बाहेर पळायचे. पट्टीवर पाणी कुठवर आलं ते टिपायचं, बाटल्या भरायच्या, घरी आणून पाणी गोल कागदातून गाळायचं, कागद भट्टीत वाळवायचा, काट्यावर तोलायचा. एका लिटरमध्ये माती किती, त्यावरून डोंगराने त्या दिवशी किती माती गमावली, हा हिशोब. एक आणि दोन नंबरला पुढे दुसरी माणसं आली. तीन नंबर त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

गाळायच्या आधी ते गढूळ बाटली उजेडासमोर धरायचे आणि दारात आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं विचारायचे, “कुठून आलात आपण?” आई होती तेव्हा स्वयंपाकघरातून म्हणायची, “माणसांना कधी इतक्या प्रेमाने विचारलं नाहीत.”

तळटिपेतल्या त्या सहा वर्षांचा आकडा तिच्या डोक्यात रुतून बसला होता. सहा वर्षांपूर्वी वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतरच्या पहिल्याच पावसात ते काठी घेऊन निघाले, तेव्हा ती वैतागून म्हणाली होती, “बाबा, कुणाला कळणार आहे? खिडकीतून पाऊस बघा आणि घरी बसून आकडे लिहा. अंदाजपंचे!”

“बघू,” ते म्हणाले होते.

त्यांच्या तोंडी ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा ‘हो’च असायचं. त्यानंतर दिवसा ती कामावर असायची. ते जातात की नाही हे तिने कधी पाहिलं नाही. विचारलंही नाही. आता तिला एवढंच हवं होतं: त्यांनी तिचं ऐकलं होतं की नव्हतं?

पाणलोट कार्यालयातल्या नव्या अधिकारी बाई तिच्याहून दहा वर्षांनी तरी लहान होत्या. टेबलावर मातीच्या पिशव्या, भिंतीवर नकाशा, नकाशावर तीन ओढ्यांचे तीन रंग. ही कोण हे कळल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

“तळटीप वाचलीत,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडेच प्रुफं जातात हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर आधी स्वतः येऊन सांगितलं असतं. टीप मात्र तीच ठेवली असती.”

तिला हे आवडलं. “मला समजावून सांगाल? मी भाषेतली आहे.”

अधिकारी बाई बोटांवर मोजू लागल्या. “माती वाहून जाते ती पाच गोष्टींवर. पाऊस किती आणि किती जोराचा. माती सुटी की चिकट. उतार किती उभा, किती लांब. वर झाकण काय, गवत, पीक की उघडंबोडकं. आणि माणसाने काही अडवाआडव केलीय का. पाच आकडे काढायचे, एकमेकांशी गुणायचे. किती माती जाणार ते कळतं. एक आणि दोन नंबरला हे गणित आणि प्रत्यक्ष माप बारा वर्षं हातात हात घालून चाललंय.”

“आणि तीनला?”

“तीनला गणित म्हणतं, वर्षाला वीस टन. पहिली सहा वर्षं माप येतंय पन्नास.”

“मग ती चुकीची असतील.”

“नाहीत. जुन्या साहेबांनाही तुमच्यासारखंच वाटलं, म्हणून ते स्वतः दोन पावसाळे तिथे उभे राहिले. आकडे खरे निघाले. का, ते कुणालाच कळलं नाही. आणि मग,” त्यांनी नकाशावरच्या तिसऱ्या रंगावर बोट ठेवलं, “सातव्या वर्षी माप एकदम वीसवर येतं. पुढे सहा वर्षं वीसच्या आसपास. गणिताशी अगदी गोडीगुलाबीने जुळतं.”

“जुळतं, तर मग शंका कसली?”

“जुळतं म्हणूनच. पावसाचा आकडा शहराच्या मापकावरून मिळतो. सूत्र सगळ्यांना ठाऊक आहे. घरी बसून गुणाकार केला की असंच जुळतं. त्याच वर्षी त्यांची तीन आठवड्यांची रजा आहे, शस्त्रक्रियेची.” त्या थांबल्या. “मी नकाशे पाहिले. तीन नंबरला नवा बांध नाही, तळं नाही, झाडं लावलेली नाहीत. पिकं तीच. माती अशी अचानक शहाणी होत नाही, ताई. गुडघा निरीक्षकाचा दुखला, डोंगराचा नाही.”

बोलून गेल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली. “माफ करा. असं नव्हतं म्हणायचं.”

“म्हणायला हरकत नाही. वाक्य चांगलं आहे,” ती म्हणाली. “मला किती दिवस देता?”

“गुरुवार संध्याकाळ. काहीही आणा. फक्त आठवणी नकोत, वस्तू आणा.”

घरी वडिलांच्या खोलीत वस्तू फार उरल्या नव्हत्या. नोंदवह्या कार्यालयाने नेल्या होत्या. काटा होता, रिकाम्या बाटल्या होत्या, भट्टी होती. तिच्यात आई एकदा चोरून बिस्किटं भाजायला गेली होती आणि ती मातकट लागली म्हणून तिलाच बोलणी बसली होती. भिंतीला टेकून कोशाचे जाडजूड खंड उभे होते. बारा होते. तिचेच, पहिल्या पगारातून हप्त्याने घेतलेले. ते तिच्या खोलीतून इकडे कसे आले यावरून बापलेकीचं एकदा चांगलंच वाजलं होतं.

“माझी पुस्तकं म्हणजे काय इस्त्री आहे?” ती ओरडली होती.

“इस्त्रीपेक्षा बरी,” वडील शांतपणे म्हणाले होते. “तापत नाहीत.”

भट्टीतून निघालेले गोल कागद आकसून वाकडे होत. तोलून झाले की ते फेकून द्यायचे, असा कार्यालयाचा नियम. शेवटची बारा वर्षं वडील ते फेकत नसत. कोशाच्या पानांमध्ये सपाट करून ठेवत, एका वर्षाला एक खंड. पापड वाळत घालावेत तसे हे कागद, असं ती चिडून म्हणायची, आणि पुढे तिने ते खंड उघडायचंच सोडून दिलं.

तीन आठवड्यांपूर्वी आवराआवर करताना तिने पहिला खंड उचलून केराच्या डब्यावर उलटा धरला होता आणि झटकला होता. वाळक्या पानांसारखे कागद पडले. तिने ते पाहिलेही नव्हते. दुसऱ्या खंडाला हात घालायच्या आधी दाराशी कुणीतरी आलं आणि काम तिथेच राहिलं. ते कोण आलं होतं हे तिला आता आठवेना. पण जे कुणी होतं त्याचे पाय धरावेत असं तिला वाटलं.

तिने दुसरा खंड जमिनीवर उघडला.

तळहाताएवढे गोल कागद, मधोमध मातीचा डाग, कडेला पेन्सिलीने बारीक अक्षर: ३, मग तारीख, वेळ, पट्टीवरची उंची. खंडामागून खंड, वर्षामागून वर्ष. तिने पलंग भिंतीला सरकवला आणि अख्ख्या फरशीवर कागद तारखेने मांडत गेली. दुपारची संध्याकाळ झाली. शेवटचा कागद ठेवून ती पाठ धरत उभी राहिली, आणि उभं राहिल्यावरच तिला ते दिसलं.

फरशीची अर्धी बाजू पिवळी होती आणि अर्धी तपकिरी.

दुसऱ्या खंडापासून सहाव्यापर्यंत सगळे डाग पिकल्या पानासारखे पिवळे. सातव्यातले पहिले आठ-दहा पिवळट, मग मिसळीचे, मग पुढे बाराव्यापर्यंत गडद तपकिरी, कपाच्या तळाला कॉफी सुकावी तसे. डागही पातळ होत गेले होते.

म्हणजे ते जात होते. आकडे घरी बसून लिहिणारा माणूस शेकडो कागदांना डाग कशाला पाडत बसेल?

पण प्रुफं वाचणाऱ्या माणसाला आनंदही दुसऱ्या वाचनानंतरच होतो. अधिकारी बाई म्हणतील, बादलीत परसातली माती कालवली की झालं. परसातली माती तपकिरीच होती. शंका घेणाऱ्याला काय, नावंच ठेवायची असतात. ती खाली बसली. आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की बाईंना काय वाटेल याचा विचार मागे पडला आहे आणि तिला नुसतंच कुतूहल वाटतं आहे. माती रंग कसा काय बदलते? पंचविसेक वर्षं या घरात हे पाणी गाळलं गेलं, आणि तिने एकदाही हा प्रश्न विचारला नव्हता.

तिने एक पिवळा कागद उचलून दिव्यासमोर धरला. प्रश्न तोंडाशी आला होता. तिने तो मोठ्याने विचारला नाही, पण विचारला.

बुधवारी तिने रजा टाकली. दोन कागद, एक पिवळा आणि एक तपकिरी, प्लॅस्टिकच्या पाकिटात घेतले. सोबत कोरे कागद आणि पाण्याची बाटली. ओढ्याच्या तोंडाशी खाचेची भिंत होती. पट्टीवरचे आकडे कुणीतरी अलीकडेच नव्याने रंगवले होते, आणि सातचा आकडा वडील काढायचे तसाच होता, पोटात आडवी रेघ मारलेला. ती तिथे थोडा वेळ थांबली. मग ओढ्याच्या उलट दिशेने चढू लागली.

दर पन्नास पावलांवर चिमूटभर माती ओली करून कोऱ्या कागदावर घासायची आणि पाकिटातल्या कागदांशी ताडून बघायची. शेतातली माती तपकिरी. बांधावरची तपकिरी. झाडाखालची काळसर, पण तपकिरीच्याच घरातली. पिवळी कुठेच नाही. वाटेत एका शेतकऱ्याने विचारलं, “काही हरवलं का?” ती म्हणाली, “रंग हरवलाय.” तो बिचारा वाट सोडून लांबून गेला.

ओढ्याने एका वळणावर काठ कापला होता. तिथे तिला पिवळा रंग सापडला. वर हातभर तपकिरी माती, आणि तिच्याखाली, केकचा दुसरा थर दिसावा तसा, पिवळा. घासून बघितला. तोच. म्हणजे पिवळी माती खाली होती, सगळीकडे, झाकलेली. सहा वर्षांपूर्वीपर्यंत कुणीतरी किंवा कशाने तरी हातभर खणून ती उघडी केली होती आणि मग ते थांबलं होतं. खाण? इथे खाण नव्हती. वीटभट्टी? तीही नाही. खणणारा कोण?

डोंगराच्या माथ्यावर बुटांचा कारखाना होता. त्याच्या खाली, मध्यावर, कामगारांच्या घरांची एक रांग. त्या रांगेच्या कडेने एक हिरवा पट्टा वरपासून खालपर्यंत सरळ उतरत होता, कुणी पट्टी धरून आखावा तसा. बाजूच्या गवतापेक्षा त्याचं गवत दाट. ती जवळ गेली तेव्हा कळलं, की तो पट्टा नुसता पट्टा नव्हता, चर होता. कमरेइतका खोल, वर गवताने भरलेला. ती आत उतरली. पाय किंचित उसळला. पुन्हा टाकला, पुन्हा उसळला. तिने वाकून गवताचा एक झुपका धरून ओढला. मुळांबरोबर काळ्या रबराचं एक टोक वर आलं, आणि त्या रबरात एक भोक होतं, पायाच्या तळव्याच्या आकाराचं.

“ए बाई! हात लावू नकोस त्याला!”

सगळ्यात कडेच्या घराच्या मागच्या दारात एक म्हातारी उभी होती, हातात झाडू.

“उपटू नकोस म्हणते ना! माझं घर वाहून जाईल. कोण गं तू? नगरपालिकेची?”

“नाही, मावशी. ओढ्याची माती बघत होते.”

म्हातारीने झाडू खाली केला. तिच्याकडे, मग तिच्या हातातल्या गोल कागदांकडे, मग पुन्हा तिच्याकडे नीट पाहिलं. “गाळवाल्यांची मुलगी. तरीच. तेही पहिल्या दिवशी हेच उपटत होते, आणि मी अशीच ओरडले होते. ये वर. आले नाहीत ते या वर्षी? मी म्हटलं, गुडघ्याने पुन्हा दगा दिला की काय.”

तिने सांगितलं. मावशींनी पदराने पायरी पुसली आणि तिला बसायला जागा केली.

“मावशी, हा चर कुणी खणला?”

“आम्ही.”

“तुम्ही?”

“पायांनी.” मावशींनी आपले पाय पुढे केले, जणू तेही साक्षीदार होते. “मी अठ्ठावीस वर्षं वर सोल कापायच्या यंत्रावर होते. सातशे माणसं, तीन पाळ्या. सगळी खालून शहरातून यायची. वळणाचा रस्ता होता की, पण भोंगा झाल्यावर वळणाने कोण जातं? नाकासमोर वर, नाकासमोर खाली. आधी गवत गेलं. मग माती उघडी पडली, मग पावसाला आयतंच मिळालं. मी लागले तेव्हा वाट घोट्याएवढी होती. माझं लग्न झालं तेव्हा गुडघ्याएवढी. नातू झाला तेव्हा त्यात उभी राहिले तर नुसता अंबाडा दिसायचा, असं आमच्या पाळीतल्या बाया म्हणायच्या. सटव्या खोटं बोलायच्या, कमरेएवढीच होती.”

“आणि पाणी?”

“पाणी? पिवळंधमक! माझ्या मागच्या दाराने आत यायचं आणि पुढच्या दाराने रामराम करून जायचं. मग सहा-सात वर्षांमागे कारखान्याने खालचं फाटक बंद केलं. एका पहारेकऱ्याचा पगार वाचला ना त्यांचा. वरच्या फाटकाला बस सुरू केली. पाय थांबले. पण पाणी थोडंच थांबतंय? त्याला वाट गावली होती. मग मी हे रबर आणलं. सोल कापून झाल्यावर तक्त्याची नुसती जाळी उरते, भंगारवालाही घेत नाही. आमच्या पाळीतल्या चौघीजणी जमलो, आणि एकेक तक्ता चरात आडवा घालून खुंट्या ठोकत गेलो. वरपासून खालपर्यंत. वर्षभरात भोकांतून गवत आलं. नीट बघ, पावलं चढतायत असं दिसतं.”

तिने पाहिलं. उन्हाची तिरीप पडली होती तिथे, खरंच, गवताचे झुपके तळव्यांच्या आकाराने, डावा-उजवा, डावा-उजवा, डोंगर चढत होते.

“बाबा इथे किती वेळा आले?”

“किती वेळा म्हणजे? दर पावसाला. आधी खाली बाटल्या भरायच्या, मग काठी टेकत वर यायचं, गवत जागेवर आहे का बघायचं, या पायरीवर बसून पोटऱ्या चोळायच्या. ‘बाई, तुम्ही माझे आकडे बिघडवलेत’ म्हणायचे. मी म्हटलं, मग सांगा की साहेबाला, मला बक्षीस तरी मिळेल. तर म्हणाले, ‘एवढ्यात नाही. गवताचा काय भरवसा? एक जोराचा पाऊस आला तर उचलून नेईल. दहा वर्षं टिकू दे. मग लिहितो.’”

“पावसातच यायचे? भर पावसात? उघडीप बघून नाही?”

मावशींनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये.

“अगं, उघडीप झाल्यावर काय वाहतं, बघायला यायला?”

तिने पाणी मागितलं. भांडं लहानच होतं, पण ते संपायला बराच वेळ लागला.

गुरुवारी सकाळी अधिकारी बाई तिच्या घरी आल्या, फरशीवरचे कागद पाहिले, आणि बूट दाराशी काढून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत बसल्या बसल्या सरकत गेल्या. वाचत. मग दोघी डोंगरावर गेल्या. बाईंनी फीत काढली. एक टोक तिच्या हातात, एक त्यांच्या. मावशी पायरीवरून हुकूम सोडत होत्या, “वर अजून आहे! फाटकापर्यंत धरा! आमचे पाय अर्ध्यातून उडत नव्हते!”

चर चारशे मीटर निघाला. रुंदी दीड, खोली सरासरी एक. बाईंनी वहीत लिहिलं. “सहाशे घनमीटर. वजनाला नऊशे टन. मावशी, ही वाट किती वर्षं चालली?”

“कारखाना निघाल्यापासून. तीस धरा.”

“नऊशे भागिले तीस.” बाईंचं पेन थांबलं. “वर्षाला तीस.”

“पन्नासातून वीस गेले तर किती?” तिने विचारलं. गणित तिचा विषय नव्हता, पण एवढं तिला येत होतं.

बाई चरात तशाच उभ्या राहिल्या, गुडघ्यापर्यंत गवतात. चेहऱ्यावर हरल्याचं काही नव्हतं. उलट एखाद्या मुलीला खाऊचा डबा सापडावा तसा तो झाला होता. “नकाशावर शेत दिसतं, रान दिसतं. दीड मीटर रुंदीची पायवाट दिसतच नाही. मी पाचही आकडे बरोबर धरले होते. झाकणाचा आकडा गवताचा धरला, सगळ्या डोंगराला एक. आणि अर्ध्याहून जास्त माती या एका रेघेतून जात होती.” मग त्या भुवया आकसून म्हणाल्या, “फारच नीट जुळतंय मात्र.”

“आता मीही घरी बसून लिहिलंय म्हणा,” ती म्हणाली.

बाई हसल्या. पहिल्यांदाच. “दोन-चार टनांचा फरक आपण मुद्दाम ठेवू. पण एक बोलते, राग मानू नका. हे त्यांनी कार्यालयाला कळवायला हवं होतं. एका ओळीचं पत्र. दहा वर्षं थांबायचं कारण नव्हतं. हा त्यांचा दोष.”

“हो,” ती म्हणाली. “तो त्यांचा दोष.”

उतरताना बाईंनी विचारलं, “कागद दुसऱ्या वर्षापासून आहेत. पहिल्याचे?”

वाट निसरडी होती. तिने आधी पाय रोवला. “मी टाकले. आवरताना. कचरा समजून.” आणि मग, कुणी विचारलं नसताना, “ते टिपेत घाला. कारणासकट.”

शुक्रवारी सकाळी नवं पान चौऱ्याऐंशी तिच्या टेबलावर आलं. फोरमन शेजारी उभा राहून घड्याळाकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत होता. टीप आता तळाला मावत नव्हती. अर्धं पान झाली होती. पायवाट, फाटक, रबराच्या तक्त्यांची जाळी, ‘स्थानिक महिला कामगारांनी स्वयंप्रेरणेने केलेला बंदोबस्त’. केंद्र क्रमांक तीनच्या बाराही वर्षांच्या नोंदी ग्राह्य. गाळाच्या रंगातील बदल निरीक्षकाने जपून ठेवलेल्या कागदांवरून सिद्ध. आणि शेवटी: ‘पहिल्या वर्षाचे कागद उपलब्ध नाहीत.’

एवढंच. कारण दिलेलं नव्हतं.

तिचं पेन त्या वाक्यावर बराच वेळ अधांतरी राहिलं. कारण तिला ठाऊक होतं, शब्दही तयार होते, जागाही होती. पण शब्दाला हात लावायचा, अर्थाला नाही. आणि वाक्यात चूक एकही नव्हती.

“ताई,” फोरमन म्हणाला, “यंत्र तापलंय.”

तिने सही केली.

बाहेर पाऊस चालू होता. छापखान्याच्या पायरीशी ती छत्री उघडायला थांबली. रस्त्याच्या कडेने गटारात पाणी धावत होतं, नेहमीसारखंच गढूळ, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. ती बघत राहिली. ते तपकिरी नव्हतं. पिवळंही नाही. लालसर होतं, विटेच्या भुग्यासारखं, आणि या रस्त्यावर तर लाल काही नव्हतं.

घराकडचा रस्ता उजवीकडे होता. तिने गटाराच्या कडेकडेने पाहिलं. लाल पाणी डावीकडून, चढावरून, कोपऱ्यापलीकडून येत होतं.

“कुठून आलात आपण?” ती मोठ्याने म्हणाली, आणि डावीकडे वळली.